डोनाल्ड हीली आणि हायवेवर ओरडणारं इंजिन

आज विषय अ‍ॅव्हरेजचा आहे, पण तो मी एका माणसाच्या आयुष्यातून सांगणार आहे. कारण हा विषय मला नीट कळला तो त्या माणसाच्या गाड्यांबद्दल वाचताना.

आधी माझी अडचण सांगतो. माझ्याकडे सेकंड हँड घेतलेली एक छोटी स्पोर्टी हॅचबॅक आहे. पाच गिअर, हलकी बॉडी, आणि पिकअप असा की सिग्नल सुटला की मन खूश. पण पुण्याहून कोल्हापूरला निघालो की तीच गाडी डोकं उठवते. पाचव्या गिअरमध्ये १०० चा स्पीड धरला की आरपीएमचा काटा ३३०० च्या आसपास जाऊन बसतो. आवाज सतत वरच्या पट्टीत. डावा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जातो आणि सहावा गिअर शोधतो. तो नसतोच. पेट्रोल पंपावर मग हिशेब कळतो.

याला शॉर्ट गिअरिंग म्हणतात. चाक एकदा फिरण्यासाठी इंजिनाला किती वेळा फिरावं लागतं, ते गिअर ठरवतात. फेऱ्या जास्त असतील तर चाकाला जोर जास्त मिळतो, गाडी पटकन उठते. पण तेच नातं हायवेवर तासन् तास चालू राहिलं की इंजिन विनाकारण धावत राहतं. जोर हवा की निवांतपणा, हा तो झगडा. हा झगडा सोडवण्यात ज्यांचं अख्खं आयुष्य गेलं, त्यांतले एक डोनाल्ड हीली.

हीली यांचा जन्म ३ जुलै १८९८ चा, इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमधल्या पेरनपोर्थ या समुद्रकाठच्या गावचा. वडील दुकानदार. पोराला विमानांचं वेड, म्हणून त्याला सॉपविथ या विमान कंपनीत उमेदवारीला घातलं. पहिलं महायुद्ध सुरू होतं. १९१६ मध्ये हीली रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये दाखल झाले आणि वैमानिक झाले. रात्रीच्या एका मोहिमेत त्यांचं विमान पाडलं गेलं, तेही शत्रूकडून नाही, ब्रिटिशांच्याच विमानविरोधी तोफांनी. जीव वाचला, पण पुढे उडणं बंद झालं. युद्ध संपल्यावर गावी परतून त्यांनी पोस्टाने मोटार इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम केला आणि १९२० मध्ये पेरनपोर्थमध्ये गॅरेज टाकलं.

गॅरेजवाला माणूस एरवी गावातच रमला असता. हे रॅलीत उतरले.

त्या काळची माँटे कार्लो रॅली म्हणजे आजच्यासारखी डोंगरातल्या टप्प्यांची शर्यत नव्हती. युरोपच्या कुठल्यातरी दूरच्या कोपऱ्यातून भर हिवाळ्यात निघायचं आणि ठरलेली सरासरी राखत, दिवस-रात्र गाडी चालवत भूमध्य समुद्राकाठी पोहोचायचं. १९३१ मध्ये हीली नॉर्वेतल्या स्टाव्हँगरहून इन्व्हिक्टा घेऊन निघाले. वाटेत गाडी घसरून तारेच्या खांबावर आदळली, मागचा अ‍ॅक्सल जागचा हलला. तशीच गाडी रेटत ते पोहोचले आणि रॅली जिंकले. वय ३२.

ती इन्व्हिक्टा आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. तिचं इंजिन साडेचार लिटरचं. कमी फेऱ्यांतही प्रचंड जोर देणारं. ती बनवणाऱ्यांचा आग्रहच असा होता की चालवणाऱ्याला गिअर बदलायची वेळ शक्यतो येऊ नये. एकदा टॉपमध्ये टाकली की चालली. बर्फात, अर्धवट झोपेत, हजारो किलोमीटर जायचं असेल तर असं शांत चालणारं इंजिन किती कामाचं, हे ज्याने अनुभवलं त्याला पुढे स्वतःची गाडी बनवताना ते विसरता येणार नाही. हा माझा अंदाज आहे, पण त्यांच्या पुढच्या गाड्या बघितल्या की तो मला पटतो.

आता प्रश्न असा की इंजिन शांत चाललं तर पेट्रोल का वाचतं? गाडीला सपाट रस्त्यावर १०० ने जायला जेवढी ताकद लागते ती लागतेच. कमी आरपीएमला काही ती कमी होत नाही. मग वाचतं कुठे?

दोन ठिकाणी. पहिलं घर्षण. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, तेलाचा पंप, हे सगळं इंजिनाच्या प्रत्येक फेरीला घासतं. फेऱ्या जास्त, तर घासणं जास्त. हे सगळ्यांना पटकन कळतं. दुसरं कारण मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेट्रोल इंजिनाची ताकद आपण कमी करतो ती हवेची वाट अडवून. एक्सलरेटर थोडाच दाबलेला असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळपास मिटलेली असते आणि पिस्टनला त्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. बारीक स्ट्रॉने घट्ट लस्सी ओढून बघा, गाल दुखतात. इंजिनाचे गाल असेच दुखत असतात, आणि त्या कष्टाचं बिल पेट्रोलमध्ये येतं. याला पंपिंग लॉस म्हणतात.

सपाट रस्त्यावर स्थिर १०० ने जायला छोट्या गाडीला साधारण १५ ते २० अश्वशक्ती पुरते. इंजिन ९० चं असेल तर उरलेली ताकद आपण झडप मिटून दाबून ठेवतो. आता तीच १५-२० अश्वशक्ती कमी आरपीएमला काढायची ठरवली, तर प्रत्येक फेरीत जास्त काम करून घ्यावं लागतं, म्हणजे झडप जास्त उघडावी लागते. स्ट्रॉ रुंद झाला. घर्षणही कमी झालं. टॉल गिअरिंगचा फायदा तो हाच. चमत्कार काही नाही.

बरं, हीलींकडे परत. १९३३ मध्ये ते ट्रायम्फमध्ये गेले आणि पुढे तिथले टेक्निकल डायरेक्टर झाले. तिथे त्यांनी डोलोमाइट नावाची आठ सिलिंडरची, सुपरचार्जरवाली जबरदस्त महागडी गाडी करून घेतली. १९३५ च्या माँटे कार्लोत डेन्मार्कमधल्या एका रेल्वे फाटकावर धुक्यात ती आगगाडीला धडकली. गाडीचा चुराडा झाला, हीली वाचले. विमानातून पडून वाचलेला माणूस आगगाडीखालूनही वाचला! १९३९ मध्ये ट्रायम्फचंच दिवाळं वाजलं. मग दुसरं महायुद्ध. त्या काळात हीली हंबर कंपनीत चिलखती गाड्यांचं काम करत होते आणि दोन सहकाऱ्यांसोबत युद्धानंतरच्या स्वतःच्या गाडीचे आराखडे काढत होते.

युद्ध संपताच त्यांनी वॉरिक इथे स्वतःची कंपनी काढली. वय सत्तेचाळीस. इथून त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट शेवटपर्यंत तशीच राहिली. इंजिन आणि गिअरबॉक्स बनवायचा कारखाना त्यांच्याकडे कधीच नव्हता. तेवढा पैसाच नव्हता. चेसी आपली, सस्पेन्शन आपलं, बाकी दुसऱ्याचं. सुरुवातीला रायलीचं २.४ लिटर इंजिन घेतलं. नंतर अमेरिकेला जाताना क्वीन एलिझाबेथ जहाजावर नॅश कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन भेटले आणि त्या ओळखीतून नॅश-हीली ही गाडी जन्माला आली. तिला नॅशचं मोठं सहा सिलिंडरचं इंजिन होतं आणि तीन गिअरच्या डब्याला जोडलेला ओव्हरड्राइव्ह.

ओव्हरड्राइव्ह म्हणजे टॉप गिअरच्याही वरचा गिअर. साध्या टॉप गिअरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्समधून बाहेर पडणारा दांडा सारख्याच वेगाने फिरतात. ओव्हरड्राइव्हमध्ये तो दांडा इंजिनापेक्षा जोरात फिरतो. म्हणजे त्याच स्पीडला इंजिन हळू. अमेरिकेत मोठमोठे सरळ रस्ते असल्याने तिथे ही गोष्ट रुळली होती.

आणि आता १९५२. माझ्या मते हीलींच्या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं वर्ष.

ऑस्टिन कंपनीने अमेरिकेत विकायला ए-९० अटलांटिक नावाची गाडी काढली होती. ती तिकडे चालली नाही. तिचं २६६० सीसीचं चार सिलिंडर इंजिन उरलं होतं. हीलींनी ते मागून घेतलं. इंजिन साधं, भारदस्त, कमी आरपीएमला छान खेचणारं. ४००० आरपीएमला ९० अश्वशक्ती. त्याच्यासोबत आला ऑस्टिनचा चार गिअरचा डबा, आणि तो होता जड गाड्यांसाठी. त्याचा पहिला गिअर एवढा शॉर्ट की हीलींच्या हलक्या दोन सीटच्या गाडीत त्याचा उपयोगच नव्हता. टाकेपर्यंत काढावा लागला असता.

त्यांनी काय केलं, तर तो पहिला गिअर बंदच करून टाकला. राहिले तीन. आता तीन गिअरची स्पोर्ट्स कार कोण घेणार? मग डब्याच्या मागे लेकॉक डी नॉर्मनव्हिलचा ओव्हरड्राइव्ह जोडला आणि तो वरच्या दोन्ही गिअरना लागेल अशी सोय केली. म्हणजे पुढे जायचे एकूण पाच वेग. ज्या डब्याने अडचण केली, त्याच डब्यातून पाच वेगांची गाडी. आमच्याकडे याला जुगाड म्हणतात, आणि मी हा शब्द कौतुकानेच वापरतोय.

हा ओव्हरड्राइव्ह एडगर डी नॉर्मनव्हिल या इंजिनिअरने शोधला होता आणि शेफिल्डची लेकॉक कंपनी तो बनवायची. आत एक ग्रहमाला असते. मधे एक सूर्य गिअर, त्याभोवती छोटे ग्रह गिअर, बाहेरून आतल्या बाजूला दाते असलेलं कडं. सूर्य मोकळा असताना सगळं एकत्र बांधल्यासारखं फिरतं, ताकद सरळ पुढे. डॅशवरचं बटण दाबलं की तेलाचा दाब शंकूच्या आकाराच्या एका क्लचला सरकवतो आणि तो सूर्याला धरून ठेवतो. सूर्य थांबला की ग्रह त्याच्याभोवती लोळायला लागतात आणि बाहेरचं कडं वेगाने फिरतं. क्लचच्या पेडलला पाय लावायची गरज नाही. त्या वेळच्या अमेरिकी ओव्हरड्राइव्हमध्ये ठरावीक वेगाखाली एक्सलरेटर सोडला की गाडी मोकळी घरंगळायची. लेकॉकचं तसं नव्हतं, इंजिनाचा ब्रेक कायम मिळायचा. घाटात याची किंमत कळते.

आता थोडा हिशेब करू. हीली हंड्रेडचा क्राउन-पिनियनचा रेशो साधारण ४.१ होता. चांगलाच शॉर्ट. त्या काळच्या १५ इंची टायरचं माप धरून मी आकडे मांडले तर साध्या टॉपमध्ये १०० किलोमीटरला इंजिन सुमारे ३३०० आरपीएम फिरतं. माझ्या हॅचबॅकएवढंच! बटण दाबलं की तेच २६०० च्या आसपास येतं. ७०० फेऱ्या दर मिनिटाला वाचल्या. तासाला ४२ हजार.

त्याहून गमतीची गोष्ट नावात आहे. हंड्रेड हे नाव ताशी १०० मैलांवरून, म्हणजे आपल्या १६१ किलोमीटरवरून. साध्या टॉपमध्ये तेवढ्या वेगाला इंजिनाला ५३०० आरपीएमच्या आसपास फिरावं लागलं असतं. पण त्याची ताकद तर ४००० लाच शिगेला पोहोचते, पुढे दम लागतो. ओव्हरड्राइव्हमध्ये १०० मैलांना आकडा येतो साधारण ४१५०, म्हणजे बरोबर शिगेजवळ. त्यामुळे गाडीचं नावच त्या बटणावर उभं होतं, असं म्हटलं तरी चालेल. बेल्जियममधल्या याबेक इथल्या सरळ रस्त्यावर गाडीने १०० मैलांचा आकडा ओलांडून दाखवला आणि मग ती लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात आली. तिथे ऑस्टिनचे सर्वेसर्वा लिओनार्ड लॉर्ड यांनी ती पाहिली आणि सौदा तिथेच ठरला. गाडी आता ऑस्टिन बनवणार, नाव ऑस्टिन-हीली. हीलींनी कर सोडून ८५० पौंड किंमत लावली होती, ती ७५० वर आली.

छोट्या कारखान्याच्या मालकाला यापेक्षा मोठं काय हवं? पण या सौद्यात एक गोष्ट दडलेली होती. गाडी आता दुसऱ्याच्या कारखान्यात बनणार होती. हीलींचं उरलं ते डिझाइन, रॉयल्टी आणि नाव.

पुढची काही वर्षं भरभराटीची. अमेरिकेत युटामधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ते स्वतः विक्रम करायला बसायचे. १९५६ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी तिथे ताशी २०० मैलांच्या वर गाडी नेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी आमच्याकडे लोक रिटायरमेंटचा निरोप समारंभ ठरवतात.

हंड्रेडच्या वंशातली शेवटची मोठी गाडी म्हणजे ३०००. ती ओव्हरड्राइव्हसह किंवा त्याशिवाय मिळायची आणि इथे गिअरिंगचं गणित फार छान दिसतं. ओव्हरड्राइव्ह नसलेल्या गाडीला क्राउन-पिनियन ३.५४५ चं होतं. ओव्हरड्राइव्ह घेतला की कंपनी ३.९०९ चं द्यायची, म्हणजे उलट जास्त शॉर्ट! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. मग कळलं. हायवेची सोय वेगळ्या गिअरने झाली ना, मग बाकीचे गिअर बिनधास्त शॉर्ट करा, पिकअप वाढवा. ओव्हरड्राइव्ह ०.८२ चा धरला तर शेवटचा रेशो ३.२ येतो, बिनओव्हरड्राइव्हच्या गाडीपेक्षा साधारण ९ टक्के निवांत. दोन्हीकडून फायदा. एकच टॉप गिअर असेल तर मात्र कुठेतरी तडजोड करावीच लागते.

ती तडजोड बघायची तर हीलींचीच दुसरी गाडी बघा.

१९५६ च्या अखेरीस सुएझच्या संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलवर रेशनिंग आलं. त्याच सुमारास लॉर्डना एक छोटी, स्वस्त स्पोर्ट्स कार हवी होती. हीली आणि त्यांचा मुलगा जेफ्री यांनी ती करून दिली. मे १९५८ मध्ये मोनॅकोला स्प्राइट आली. ९४८ सीसी, जेमतेम ४३ अश्वशक्ती. बॉनेटवर बेडकाच्या डोळ्यांसारखे उभे दिवे. ते दिवे झाकता येतील असे करायचे होते, पण खर्च वाढतो म्हणून तसेच ठेवले. डिकीला झाकण नाही, सामान सीटच्या मागून आत ढकलायचं. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन ऑस्टिन ए-३५ चं, स्टिअरिंग मॉरिस मायनरचं. कर सोडून किंमत ४५५ पौंड. एवढ्या पैशांत ओव्हरड्राइव्ह कुठून येणार?

इंजिन छोटं, म्हणून क्राउन-पिनियन शॉर्ट ठेवणं भाग होतं: ४.२२. चौथा गिअर सरळ. चाकं १३ इंची. १०० किलोमीटरला इंजिन जवळपास ४००० आरपीएम. शेजारी बसलेल्याशी बोलायचं तर ओरडूनच. तरी गाडी तुफान चालली, पहिल्या आवृत्तीच्या जवळपास ४९ हजार गाड्या बनल्या.

आता इथे एक बारकावा आहे, आणि तो माझ्यासारख्या शॉर्ट गिअरवाल्यांनी नीट समजून घ्यावा. स्प्राइटचं इंजिन ४००० ला ओरडतं म्हणून ती पेट्रोल खाते, असं नाही. गाडी हलकी आणि इंजिन एवढं छोटं की १०० ला जायला त्याची बरीचशी ताकद तशीही कामाला लागते. झडप बऱ्यापैकी उघडीच असते, म्हणजे स्ट्रॉ आधीच रुंद. तोटा होतो तो घर्षणाचा. मोठं इंजिन शॉर्ट गिअरवर हळू चालवलं, तर घर्षणही जातं आणि लस्सीही ओढावी लागते. म्हणून गिअर टॉल करण्याचा फायदा मोठ्या इंजिनाला जास्त, छोट्याला कमी. स्प्राइटला कोणी फार टॉल केली, तर चढावर ती खेचतच नाही. मग चौथ्यातून तिसऱ्यात या, रेस करा, आणि वाचवलेलं तिथे घालवा.

तरीही स्प्राइटवाले गप्प बसले नाहीत. आजही ज्यांच्याकडे या गाड्या आहेत ते याच गोष्टीवर खटपट करतात. पुढच्या आवृत्त्यांत कंपनीनेच ३.९ चं क्राउन-पिनियन दिलं, ते जुन्या गाडीत बसतं. ते बसवलं की ४००० चे साधारण ३७०० होतात. त्याहून धाडसी लोक फोर्डचा टाइप-९ नावाचा पाच गिअरचा डबा बसवतात. त्याचा पाचवा गिअर साधारण ०.८२ चा, म्हणजे आरपीएम ३३०० च्या आसपास, आणि खालचे गिअर शाबूत. हीलींनी हंड्रेडमध्ये जे केलं होतं, तेच लोक आता स्प्राइटमध्ये स्वतःच्या खर्चाने करतात. यात एक फसगत मात्र नेहमी होते. स्प्राइटचं स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्यावरून चालतं. क्राउन-पिनियन बदललं की तो दांडा दर किलोमीटरला कमी फिरतो आणि मीटर खरे किलोमीटर मोजतच नाही. अ‍ॅव्हरेज सुधारलेलं असतं, पण कागदावर दिसत नाही, आणि माणूस म्हणतो पैसे पाण्यात गेले.

हीलींच्या नावाचं पुढे काय झालं ते सांगायला मला फार आवडत नाही, पण सांगतो. १९६८ मध्ये ब्रिटनच्या बऱ्याचशा मोटार कंपन्या मिळून ब्रिटिश लेलँड झाली. नव्या मालकांना बाहेरच्या माणसाला रॉयल्टी देणं मान्य नव्हतं. मोठी हीली बंद झालीच होती. १९७१ मध्ये स्प्राइटवरूनही हीली हा शब्द गेला, ती नुसती ऑस्टिन स्प्राइट म्हणून विकली गेली आणि मग तीही थांबली. गाडी तीच, कारखाना तोच, फक्त ज्याने ती घडवली त्याचं नाव काढून टाकलं. कारखाना आपला नसला की असंच होतं. १९५२ च्या सौद्यात जे दडलं होतं ते वीस वर्षांनी वर आलं.

सत्तरी ओलांडलेल्या हीलींनी तरी हार मानली नाही. ते जेन्सन कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९७२ मध्ये जेन्सन-हीली आली. इंजिन पुन्हा दुसऱ्याचंच, लोटसचं. १९७६ मध्ये जेन्सन बुडाली. हीली कॉर्नवॉलला परतलेच होते. जानेवारी १९८८ मध्ये, नव्वदीला जेमतेम सहा महिने बाकी असताना, ते गेले.

माझ्या गाडीचं काय केलं, हे विचाराल. माझ्या मेकॅनिकने दोन उपाय सुचवले होते. एक, क्राउन-पिनियन बदलणं. पण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते गिअरबॉक्सच्या पोटात असतं. डबा उतरवायचा, उघडायचा, नवीन जोडी शोधायची. त्या खर्चात कित्येक वर्षांचं पेट्रोल येईल. दुसरा, मोठे टायर. टायरचा व्यास ३ टक्के वाढला तर आरपीएम ३ टक्के घटतो, ३३०० चे ३२००. एवढ्यासाठी मीटर चुकवायचं, स्टिअरिंग जड करायचं आणि खड्ड्यात टायर मडगार्डला घासून घ्यायचा? नको म्हटलं.

मी काट्यावरचा आकडाच बदलला. १०० ऐवजी ८० ते ८५. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १०० वरून ८० ला आलं की तो ३६ टक्क्यांनी उतरतो. आरपीएमही २६५० च्या आसपास येतो, म्हणजे हीलींचं बटण दाबल्यासारखंच. शॉर्ट गिअरच्या गाडीला हळू चालवण्याचा दुहेरी फायदा आहे तो असा. खंबाटकी घाटात पाचवा गिअर काढायचीही वेळ क्वचित येते, तिथे शॉर्ट गिअरिंग उलट उपयोगी पडतं. उतारावर न्यूट्रल मात्र करत नाही. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना एक्सलरेटर सोडला की पेट्रोल जवळपास बंदच होतं, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते लागतं. शिवाय ब्रेकवर सगळा भार येतो. टपावरचा कॅरिअर काढून ठेवला, टायरमधली हवा दर पंधरा दिवसांनी बघतो.

टाकी फुल्ल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल्ल करून मोजलं. कोल्हापूरच्या फेरीत लिटरमागे साधारण दोन किलोमीटर वाढले. पोहोचायला पाऊण तास जास्त लागला. बायको म्हणाली, गाणी तरी ऐकू आली. पुढच्या महिन्यात टायर बदलायचे आहेत, मूळ मापाचेच घालणार आहे.